राहीच्या पाटीवरचा अंगठा

फार फार मागची गोष्ट. तेव्हा कागद कुणी पाहिलाही नव्हता.

एका राज्यात कुंभारांचं एक गाव होतं. गाव सगळं मातीवर जगायचं, आणि पोरं शिकायचीसुद्धा मातीवरच. शाळा सुटताना गुरुजी घरचा अभ्यास सांगायचे. मग घरी जाऊन ओल्या मातीची वीतभर पाटी थापायची, तिच्यावर काडीनं लिहायचं आणि सकाळी ती शाळेत न्यायची. रोज एक पाटी. तेवढी झाली की पोरं मोकळी. कुणी सूरपारंब्या खेळायचं, कुणी बापाच्या चाकापाशी जाऊन बसायचं.

या गावाला राजघराण्याची एक जुनी अट होती. दरवर्षी राजाच्या देवघरातला घट गावातल्या नऊ-दहा वर्षांच्या पोरानं घडवायचा. घट झाला तर नदीकाठची मातीची खाण गावाची, नाही झाला तर वर्षभर बंद. पण आजवर घट झाला नाही असं कधी घडलंच नव्हतं. कुंभाराच्या पोराला घट येणार नाही तर कुणाला येणार?

एकदा पाटलांची बायको माहेराहून आली ती नवीनच खूळ घेऊन. तिच्या माहेरी म्हणे पोरांना रोज चार पाट्या अभ्यास असतो. झालं! आमची पोरं काय कमी आहेत का, म्हणून सगळे गुरुजींच्या दारात. गुरुजी बिचारे समजावून थकले. शेवटी लोकांनी दुसरा गुरुजी आणायची भाषा केली, तेव्हा चार पाट्या झाल्या. मग सहा झाल्या.

आणि पुढं काय केलं असेल या शहाण्यांनी? चावडीवर तराजू टांगला! हो, तराजू. रोज सकाळी शाळेच्या वाटेवर पोरांचा अभ्यास तोलायचा. कुणाचा तीन शेर, कुणाचा चार. ज्याचा जड त्याचा बाप दिवसभर ताठ मानेनं फिरायचा. विद्या तोलतात का हो वांग्यासारखी? पण विचारणार कोण? सहाच्या बारा पाट्या झाल्या, आणि नवल असं की सगळ्या पोरांच्या बाराच्या बारा पुऱ्या भरायच्या. बघा, झेपतंय की पोरांना, असं म्हणून पाटील मिशीवरून हात फिरवायचे.

त्या गावात राही नावाची एक मुलगी होती. तिचे आजोबा सोनबा म्हणजे गावातले सगळ्यांत जुने कुंभार. मोतीबिंदूनं त्यांचे डोळे गेले होते, पण हात शाबूत होते. येत्या वर्षीचा घट राहीचा, म्हणून ते रोज मातीचा गोळा मळून तिची वाट बघत बसायचे. राही यायची, पण दारातूनच सांगायची की आजोबा, अजून सात पाट्या राहिल्यात. गोळा सुकून जायचा. सोनबा लेकाला बोलले, तर तो म्हणाला की चाक काय पळून चाललंय, रक्तातच आहे ते तिच्या.

घटाचा दिवस उजाडला. राजाचे कारभारी आले, सारा गाव चावडीपुढं गोळा झाला. सोनबांनी आपल्या हातानं मळलेला गोळा चाकावर ठेवला आणि चाकाला गती दिली.

राही पुढं आली. तिनं फिरतं चाक हातानं थांबवलं. गोळ्यावर तळवा मारून मारून तो सपाट केला. मग केसांतली काडी काढली आणि आजोबांकडं बघून विचारलं, "आजोबा, यावर काय लिहायचं? आणि किती वेळा?"

राहीच्या आईनं पदर तोंडात कोंबला. कुंभाराची पोर, आणि तिला चाकावरच्या मातीचं काय करायचं ते ठाऊक नाही! अहो, अजून सांगताना माझ्या अंगावर काटा येतो.

कारभाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. तेव्हा पाटील घाईघाईनं म्हणाले की घट राहू द्या, पोरीची विद्या बघा. आणि राहीच्या त्या दिवशीच्या बारा पाट्या त्यांनी पुढं मांडल्या. त्या भरल्या होत्या पुरत्या सहा शेर.

"इकडं द्या," सोनबा म्हणाले.

त्यांनी एकेक पाटी मांडीवर घेतली आणि कडेनं बोटं फिरवली. ओली माती धरली की अंगठा उमटतोच, आणि जुन्या कुंभाराला गावातला प्रत्येक अंगठा ओळखू येतो. पहिल्या दोन पाट्या त्यांनी बाजूला ठेवल्या. तिसरीवर त्यांचा हात थांबला. मग पुढच्या नऊही त्यांनी चाचपल्या.

"हा माझ्या नातीचा अंगठा नाही," ते म्हणाले. "हा माझ्या लेकाचा आहे. या दहाही त्याच्याच."

राहीच्या बापानं मान खाली घातली. लोक कुजबुजले, कुणी छी-थूही केली. सोनबांनी मग इतर पोरांच्या पाट्या मागितल्या. हा चिरलेला अंगठा पाटलांचा. हा बारीक, पाटलीणबाईंचा. हा तुझा रे, हा तुझा. मघाचे कुजबुजणारे एकेक करून मागं सरकले. घरोघर आईबापच पाट्या लिहीत होते, आणि जो तो समजत होता की लबाडी फक्त आपल्याच घरात आहे! ज्या भरलेल्या पाट्या बघून गुरुजी अभ्यास वाढवत गेले, त्या पोरांच्या नव्हत्याच.

राही हळूच म्हणाली, "आजोबा, मला दोनच यायच्या हो." आणि रडायला लागली. सोनबांनी तिचे मातीचे हात आपल्या हातात घेतले.

अट ती अट. खाण वर्षभर बंद झाली. गावानं तीन कोसांवरून डोक्यावर माती वाहिली, आणि वाहताना एकमेकांकडं बघायची कुणाची छाती झाली नाही. तराजू चावडीवरून उतरला. गुरुजींनी पुन्हा एकच पाटी सांगितली, पण तिच्यावर अंगठा पोराचाच हवा. ती रोज सोनबा तपासायचे.

पुढच्या वर्षी राहीनं घट घडवला. जरा वाकडाच झाला, पण थेंबभर पाणी गळलं नाही. खाण उघडली.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: लेकराला पेलेल तेवढाच अभ्यास त्याचा होतो, वरचा सगळा नुसता मातीचा भार.