जगदाळे मास्तरांचा खोकला

"मोबाईलमधून छाती तपासता येते का, बाबा? तुम्हीच सांगा!"

जगदाळे मास्तर दर्ग्याच्या दारातूनच कडाडले. निदान कडाडायला गेले. शेवटच्या शब्दाला दम पुरला नाही आणि ते ओट्यावर मटकन बसले.

दर्ग्याची देखभाल करणाऱ्या दस्तगीरबाबांनी ऊददाणीवर झाकण ठेवलं. धूर मास्तरांना सोसत नसे.

मास्तर म्हणजे शाळेचे निवृत्त पी.टी. मास्तर. नाकावर माशी बसू देणार नाहीत असे. उभी हयात शिट्टी फुंकून गावच्या पोरांना 'श्वास घ्या, सोडा' म्हणत पळवलं आणि आता फुप्फुसांनी दावा साधला होता. गेल्या थंडीत दवाखान्यातून परतले ते नशिबानं. श्वासाचा व्यायाम सुटला तर पुढची थंडी कठीण, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जिल्ह्याच्या गावी जाणं झेपेना, म्हणून लेकीनं फोनवरून व्यायाम शिकवणारी फिजिओथेरपिस्ट लावून दिली. मास्तरांना ते बंद करायचं होतं. लेक म्हणाली, दस्तगीरबाबा म्हणाले तरच.

म्हणून स्वारी आली होती.

"काल मला म्हणते, काका, श्वास घ्या... सोडा. मला! कालची पोरगी!"

"मग?"

"मग काय! तळपायाची आग मस्तकात गेली. एवढ्याशा काचेत बसून विचारते, कसं वाटतंय? म्हटलं, उत्तम. तर म्हणते, छान, सुधारणा आहे. अहो, रात्री मी उशीला टेकून बसल्या बसल्या झोपतो... आणि हिला सुधारणा दिसते!"

"तिला सांगितलंत?"

"तिला कळायला नको? समोर असती, पाठीवर हात ठेवला असता, तर कळलं असतं. काचेतून काय कळणार, कप्पाळ?"

"खोकला ऐकून तरी..."

"खोकला? तिच्यासमोर?" मास्तर ताठ झाले. "खोकला आला की मी फोनवर माझा आवाज बंद करतो. परक्या पोरीच्या कानात खोकायचं? शिस्त आहे माझी!"

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो हा असा.

"तुम्ही फक्त 'सोडून द्या' म्हणा," मास्तर गुरगुरले. "मी चाललो."

बाबा उठून मास्तरांच्या मागे येऊन बसले आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

कितीतरी दिवसांनी तिथं कुणाचा हात पडला होता. बरं वाटलं त्यांना, अगदी रडू येईल इतकं बरं वाटलं. छातीत काहीतरी सुटलं, घरघरत वर येऊ लागलं...

त्यांनी ओठ घट्ट मिटले. चेहरा लालबुंद झाला. हातानंच 'आलोच' अशी खूण करून ते भिंतीला धरत धरत दर्ग्याच्या मागे गेले.

भिंतीपलीकडून बराच वेळ खोकला ऐकू येत राहिला. तोंडावर रुमाल दाबून काढलेला.

डोळे पुसत मास्तर परतले. बाबा जागचे हलले नव्हते. त्यांचा हात अजून तसाच पुढे होता, रिकाम्या हवेत, मास्तरांच्या पाठीच्या उंचीवर.

मास्तरांचा पुन्हा भडका उडाला.

"हे काय, बाबा? माझी थट्टा करता?"

"नाही मास्तर..." बाबा म्हणाले. "हात तर इथंच होता."