उभ्याने दंडवत

“अक्का, देह म्हणजे मी नव्हे, असंच ना?”

“असं म्हणतेत.”

“मग हा पाय माझा नाही.”

“कोणाचा हाये मंग?”

अनुपम गप्प बसला... बसला म्हणणं चूकच. गेले सतरा दिवस तो बसलाच नव्हता.

मेळघाटच्या पायथ्याशी असलेल्या त्या लहानशा मठात सगळे मांडी घालून जेवत. अनुपम गावंडे मात्र ओसरीच्या खांबाला टेकून, ताट छातीशी धरून उभ्याने जेवायचा. स्वयंपाकघरातल्या बाया त्याला ‘उभे महाराज’ म्हणून हसत. तोही हसायचा, पण जपून, कारण हसलं तरी कळ यायची.

सहा वर्षं परदेशात तत्त्वज्ञान शिकून पोरगा मोठ्या उमेदीने मठात आला होता. आल्या दिवसापासून शाळेच्या नव्या खोलीसाठी विटा वाहिल्या, सिमेंटची पोती उचलली, आणि कुणी हात लावू लागलं की त्याला हसून बाजूला सारलं. एका सकाळी पोतं उचलताना कमरेत काहीतरी कचकन झालं.

तेव्हापासून ती कळ. कमरेतून कुल्ह्यात, मांडीच्या मागून पोटरीत आणि तिथून घोट्यापर्यंत, तापलेली तार ओढत न्यावी तशी. आत फोडणीची मोहरी तडतडली की तो दोन्ही हातांनी खांब धरायचा. मिरचीचा ठसका लागून शिंक येईल, या धाकानेच घामाघूम व्हायचा.

मणक्यातली चकती सरकून शीर दाबली गेलीय, असं अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. ऑपरेशनच्या तारखेला अजून अकरा दिवस होते.

म्हाळसाक्का त्याच्यासमोर काठी टेकून उभ्या होत्या. मठातल्या सगळ्यांत वडील, वय त्र्याऐंशी. त्यांचे गुडघे कधीचेच वाकायचे थांबले होते.

“आज फोडणीले शिंकला तू,” अक्का म्हणाल्या. “मी आतून आयकलं. कण्हला नाही पण.”

“आज दुखणं कमी आहे.”

“बरं झालं ना मंग.”

“हो.”

“मंग चेहरा काहून असा? दुखत होतं तवा माणसावानी दिसत होता. आज भूत पाह्यल्यावानी दिसून राहिला.”

अनुपमने तोंड फिरवलं.

सकाळी विहिरीकडे जाताना तीन पावलं पुढे गेल्यावर त्याला दिसलं की उजव्या पायातली चप्पल मागेच राहिलीय. पायातून निसटली, आणि पायाला पत्ता नाही. तो तिथेच थांबला. आधी वाटलं, सुटलो, ठणका गेला. मग त्याने अंगठा उचलून पाहिला.

अंगठा मातीत तसाच पडून राहिला.

पुन्हा उचलून पाहिला. मग पुन्हा. भर सकाळच्या उन्हात त्याच्या अंगावर काटा आला. सतरा दिवस तो ज्या कळेला शिव्या घालत होता, ती परत यावी म्हणून त्याने देवाचं नाव घेतलं.

“अंगठा उचलत नाही, अक्का.”

“कवापासून?”

“सकाळपासून.”

“डाक्तर काय म्हणला होता?”

“असं झालं तर तारखेची वाट पाहू नका म्हणाले. लगेच निघा. नाहीतर पाय कायमचा...”



अक्कांनी अंगणाकडे पाहिलं. दुपार केव्हाच कलली होती.

“कोणाले सांगतलं?”

“कुणालाच नाही.”

“काहून?”

“अक्का, मी इथे सेवा करायला आलो. करून घ्यायला नाही.” तो घाईघाईने बोलू लागला, थांबलं तर रडू येईल तसा. “आता मला उचलून जीपमध्ये आडवं घालतील. गोठ्यातलं काम सोडून किसनभाऊ माझे कपडे बदलणार, लघवीचं भांडं धरणार. आणि ऑपरेशन होऊनही उभा राहिलो नाही, तर? जन्मभर कुणी ना कुणी... म्हणून तर विचारत होतो. देह म्हणजे मी नव्हे, हे एकदा मनात पक्कं बसलं की भीती जाईल.”

“दुसऱ्या कोणाचा पाय असता,” अक्का म्हणाल्या, “तर आतापावतर त्याले पाठीवर घेऊन तू अमरावती गाठली असती.”

...

आत कुणीतरी पळी खाली ठेवली. त्या आवाजानेही तो दचकला.

“पंधरा दिवसांच्या वर झाले,” अक्का म्हणाल्या, “तू मले दंडवत नाही घातला.”

“वाकता येत नाही, अक्का. तुम्हाला ठाऊक आहे.”

“दंडवत म्हंजे काय, सांग बरं. शिकेल माणूस तू.”

“दंड म्हणजे काठी. वत् म्हणजे सारखं. काठीसारखं जमिनीवर पडणं.” एवढ्या भीतीतही त्याचा आवाज वर्गात शिकवावं तसा नीट झाला.

अक्कांनी मूठ उघडली.

काठी फरशीवर खाडकन आपटली, घरंगळत गेली आणि दोघांच्या मधे आडवी झाली.

“अक्का!”

म्हातारीचा तोल गेला. तिने खांबाला हात टेकला, अनुपमच्या हाताच्या जरा खाली.

तो काठीसाठी वाकायला गेला. वीतभर वाकला असेल, तोच कमरेपासून गुडघ्यापर्यंत तार पेटली. गुडघ्याच्या खाली मात्र काहीच नाही, जणू कुणी दिवाच मालवला. तो खांबाला चिकटून उभा राहिला, धापा टाकत.

“तुम्ही पडाल अक्का. काठीवाचून तुम्हाला...”

“पडीन ना.”

“मला उचलता येत नाही ती!”

“मलेबी नाही येत.” अक्का काठीकडे बघत होत्या, दूध उतू जातंय का ते बघावं तशा. “थांब जराशी. पाहू, कवा उठते ते.”

...

काठी पडून होती.

अक्कांचे गुडघे लुगड्याआड थरथरू लागले. अनुपमला ते दिसलं. खांबावरचा त्यांचा हात हळूहळू खाली सरकत होता.

“किसनभाऊ!” त्याने हाक मारली. हाक अंगणापर्यंतही पोचली नाही.



“किसनभाऊ! ओ किसनभाऊ, धावा! धावा हो कुणीतरी!”

मठाच्या गाई सांभाळणारा आणि मठाची जीप चालवणारा किसनभाऊ हातातला कडबा टाकून गोठ्यातून पळत आला.

“काय झालं भाऊ? कोण पडलं?”

अनुपमने बोट खाली दाखवलं. ते काठीकडे होतं की पायाकडे, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

किसनभाऊ काठी घ्यायला वाकला.

तोच अक्कांनी खांब घट्ट धरून काठीवर आपलं पाऊल ठेवलं, आणि हनुवटीने अनुपमकडे दाखवलं.

“ही राहू दे, किसना. अगोदर ती उभी काठी उचल.”