'बस' म्हणेपर्यंत

"दम लागतोय का, हिंदुराव?"

"न्हाई."

"छातीत दुखतंय?"

"कशापाय दुखंल?"

डॉक्टर मुजावरबाईंनी कपाळाला हात लावला. हृदयविकाराच्या झटक्यातून उठलेल्या माणसाला तालुक्याच्या त्या दवाखान्यात फिरत्या पट्ट्यावर चालवत. दम लागला की त्यानं सांगायचं, मग वेग बेतायचा. रीत एवढी साधी! पण हिंदुराव पडला पैलवान. गेल्या खेपेला 'न्हाई, न्हाई' म्हणतच तो पट्ट्यावर कोसळला होता. पुन्हा तसं झालं तर माणूस हातचा जायचा.

म्हणून आज बाईंनी त्याच्या म्हाताऱ्या वस्तादांना बोलावून घेतलं होतं. आण्णाप्पा वस्ताद काठी टेकत आत आले, तसा हिंदुरावला हुरूप चढला.

"वस्ताद, सांगा ह्यांस्नी. गडी ठणठणीत हाय. तालमीत कवा येऊ, तेवढं बोला."

वस्ताद स्टुलावर टेकले.

"तालमीत तू कवा थांबायचास?"

"तुमी 'बस' म्हटल्यावर."

"त्याच्या आधी?"

"जीव गेला तरी न्हाई!"

छातीला वायरी चिकटवलेल्या, तरी ती फुगलीच.

"मग चाल," वस्ताद म्हणाले.

पट्टा हळू फिरू लागला. बाईंची नजर पडद्यावर, बोट बटणावर. हिंदुराव ऐटीत चालला... मग नुसताच चालला... मग धापा टाकत चालला.

त्यानं वस्तादांकडे पाहिलं. एवढा घाम त्यांना दिसत नव्हता, असं कसं होईल? आता म्हणतील. आता म्हणतील...

वस्ताद उठले. स्टूल फिरवलं आणि त्याच्याकडे पाठ करून बसले.

हिंदुराव घाबरला. मैदानात कधी घाबरला नव्हता एवढा घाबरला.

"वस्ताद..."

पाठ हलली नाही.

"बस," हिंदुराव म्हणाला.

शब्द इतका बारीक निघाला, की आपणच बोललो हे त्याला खरं वाटेना. पण पट्टा थांबला होता. बाईंनी त्याला धरून खुर्चीत बसवलं, नाडी पाहिली, पडद्यावरच्या रेघा पाहिल्या आणि हसल्या.

"एवढंच हवं होतं, हिंदुराव! कुठवर चालवायचं, ते आज कळलं. इथून हळूहळू वाढवू. बरे होणार तुम्ही."

हिंदुरावचा जीव भांड्यात पडला. लहान पोरासारखं रडू आलं, आणि त्यानं ते येऊ दिलं. श्वास मोकळा झाला, तेव्हा कुठे त्याला लाज आठवली.

"वस्ताद, तालमीचं नाक कापलं मी."

वस्तादांनी खांद्यावरचा टॉवेल काढला. त्याचं कपाळ पुसलं, मान पुसली. बराच वेळ पुसतच राहिले...

"उद्यापासनं तालमीत येऊन बसत जा," ते म्हणाले. "पोरांस्नी थांबायला शिकीव. मला ते कधी जमलं न्हाई."