झाकलेली चाळ

गोदावरीकाठच्या एका गावात रंगनाथ नावाचा शेतकरी राहत होता. कांदा सगळेच पिकवत, पण आपला कांदा सर्वांत मोठा असावा, असा त्याचा हट्ट असे.

त्या वर्षी काढणी जवळ आली तशी कांदा टिकावा म्हणून गावाने त्याचं पाणी तोडलं. रंगनाथने मात्र पाणी चालूच ठेवलं. कांदे फुगले. ते नीट सुकायच्या आत त्याने कांदा साठवायच्या बांबूच्या चाळीत भरले आणि पारावर बसून सर्वांना आकार सांगू लागला.

थोड्याच दिवसांत त्याची बायको गिरजाबाई म्हणाली, "अहो, चाळीतून वास येतोय. उघडू या. सडके तेवढे निवडून टाकू."

"चाळ उघडली की गाव गोळा होईल," रंगनाथ म्हणाला. "पारावर एवढं बोललो, आता त्यांच्यादेखत सडके वेचू?"

त्याने चाळीला सगळीकडून गोणपाट बांधलं. वास बाहेर येईना, पण वाराही आत जाईना. एका कांद्याचं पाणी दुसऱ्याला लागत गेलं. पुढे चाळीखालून काळं पाणी झिरपू लागलं, वास पुन्हा सुटला आणि माश्या घोंगावू लागल्या. कोणी विचारलं, तर रंगनाथ शेणखताकडे बोट दाखवी.

शेवटी एका सकाळी गिरजाबाईने त्याला न विचारता गोणपाट फाडलं आणि शेजारपाजारच्यांना हाक मारली. रंगनाथ घरात जाऊन बसला. लोक हसतील म्हणून त्याने कान टवकारले. पण बाहेर हसण्याचा आवाज नव्हता. नाकाला पदर आणि उपरणी बांधून माणसं मुकाट्याने कांदे निवडत होती.

तो बाहेर आला. अर्ध्याहून जास्त ढीग खड्ड्यात गेला होता.

शेजारचा सावळेराम म्हणाला, "रंगनाथा, सडले तर माझेही होते. पहिल्या आठवड्यातच निवडले, म्हणून दोन-चार पाट्यांवर भागलं."

"मग मला बोलला का नाहीस?"

"वास आला तेव्हा विचारलं होतं. तू शेणखत म्हणालास."

रंगनाथने तोंडाला उपरणं बांधलं, खाली बसला आणि हाताला येईल तो कांदा दाबून पाहू लागला.

तात्पर्य: चूक झाकून लाज टळत नाही, नुकसान मात्र वाढतं.