फिरत्या डब्यातलं घड्याळ

“...मग डब्यात ठेवावं की ठेवू नये, तेवढं सांगा की स्वामी.”

लिंगायत मठाच्या ओसरीवर मलकप्पा शेटे बसले होते. सराफकट्ट्यावरचं मोठं नाव. त्यांचा प्रश्नसुद्धा हुकमासारखा यायचा.

म्हातारे जंगम स्वामी मांडीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

“याला चावी नाही,” मलकप्पा म्हणाले. “मनगट हललं की चालतं. काढून ठेवलं की एक-दोन दिवसांत बंद. म्हणून विजेचा डबा आणला. तो याला हळूहळू फिरवत राहतो. विकणारा म्हणतो, फिरतं राहिलं तर आतलं तेल सुकत नाही. दुरुस्तीवाला म्हणतो, उगाच झिजतं. खरं कुणाचं?”

“घड्याळ कुणाचं?”

“शिवकांतचं.”

शिवकांत म्हणजे मलकप्पांचा एकुलता एक मुलगा. ऐन तिशीत गेला.

“आणि भाग्यश्री? काय म्हणते सून?”

“दुसरं लग्न करायचं म्हणते. स्थळ आलंय. मी कुठं नाही म्हटलं? शब्द दिलाय तिला. नवऱ्याचं घड्याळ थांबलं, की तू मोकळी.”

“आणि डबा?”

“...डबा नंतर आणला.”

इतकी उघड लबाडी इतक्या सरळपणे सांगणारा माणूस विरळाच. मलकप्पांना आपल्या लबाडीचं कौतुकच वाटत होतं.

“पण त्याचीच तशी इच्छा आहे, स्वामी.” ते पुढे सरकले. “मागं पावसात तार तुटली. आठवडाभर वीज नव्हती. डबा बंद... आणि घड्याळ चालूच.”

“डबा ठेवलाय त्या खोलीची किल्ली?”

“माझ्या करगोट्याला. डब्याला कान लावला तर आत आवाज. सदऱ्याची बाही घासावी तसा... हळू.”

ओसरीवर चांगलं ऊन होतं, तरी ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. मलकप्पा मात्र हसत होते.

“लेक घर सोडून गेलाच नाही माझा.”

स्वामींनी घड्याळ जमिनीवर ठेवलं.

“गळ्यातलं लिंग काढ. पूजेला बसतोस तसं डाव्या तळहातावर घे.”

मलकप्पांनी घेतलं.

स्वामींनी त्यांचं मनगट धरलं आणि हळूहळू फिरवायला सुरुवात केली. एकीकडे... मग उलट. डबा फिरवतो तसं. आपला दुसरा हात त्यांनी खाली धरला होता.

लिंग घसरत घसरत बोटांच्या टोकाशी आलं.

“स्वामी, सोडा! पडेल!”

“सोडू?”

“हात असा हलत राहिला तर लिंग धरायचं कसं माणसानं!”

स्वामी थांबले. त्यांनी लिंग पुन्हा तळहाताच्या मधोमध ठेवलं आणि मलकप्पांची बोटं एकेक करून मिटवली.

“शिवकांतला मातीत मीच बसवलं, मलकप्पा. मांडी घालून. आपल्या रीतीनं त्याच्या डाव्या तळहातावर लिंगही मीच ठेवलं...”

मलकप्पांनी मूठ छातीशी घट्ट धरली.

जमिनीवर घड्याळ चालतच होतं.

“घड्याळाचं राहू दे. अशा हलत्या हातात त्या पोरानं लिंग अजून कसं धरून ठेवलं असेल... ते सांग.”