मोठ्या पुराचा दगड

फार पूर्वी, नदीच्या वळणावरच्या एका गावात एक पाथरवट राहायचा. गडी भलता मानी. त्याच्या भिंतीतून मुंगी शिरेल तर शपथ, असं लोक म्हणायचे, आणि ते ऐकायला त्याला फार आवडायचं!

एके वर्षी गावानं पूर अडवायला भिंत बांधायचं ठरवलं. पाटील म्हणाले, "पाणी गावात कधीच शिरणार नाही, अशी देवळात शपथ घे, काम तुझं. नाहीतर पलीकडच्या गावचा गवंडी शपथेला तयार आहे."

"त्यात काय अवघड!" पाथरवट म्हणाला.

गावाची एक रीत होती. पूर आला की बायका नदीची ओटी भरायच्या आणि पाणी जिथवर चढलं तिथं एक दगड रोवायच्या. पाथरवट ते दगड बघत फिरला. बरेचसे खाली, थोडे वर, अगदी वर एकच. त्याच्याहून हातभर उंच भिंत घातली की झालं!

जाता जाता त्यानं सगळ्यात खालच्या कुंभारवाड्यातल्या म्हातारीला विचारलं, "आजी, सगळ्यात मोठ्या पुराचा दगड तो वरचाच ना?"

"खुळा का काय तू?" म्हातारी म्हणाली. "सगळ्यात मोठा पूर आला त्या साली दगड रोवायला मागं राहिलं कोण? पोरं काखोटीला मारून टेकडीकडे पळालो. सगळे पोचलेसुद्धा नाहीत. कोण म्हणतं पाणी देवळाच्या पायरीला लागलं, कोण म्हणतं घंटेला."

पाथरवटाचं तोंडच उतरलं. घंटेएवढी भिंत घालायची तर अख्खा डोंगर फोडूनही दगड पुरायचा नाही. आणि खोटी शपथ घेतली, तर पहिली बुडणार ही म्हातारी!

तो पाटलांसमोर उभा राहिला. "शपथ घेत नाही. वरच्या दगडाहून दोन हात उंच बांधीन. शंभरातले नव्याण्णव पूर अडतील, एखादा अडायचा नाही. म्हणून गायरानाच्या बाजूला भिंत बुटकी ठेवीन, पाणी आधी तिकडे वळेल. भिंतीवर तांबडी रेघ ओढीन. पाणी रेघेला लागलं की ढोल वाजवा आणि टेकडी गाठा. धान्य मात्र आत्ताच वर न्या."

"बांधायच्या आधीच हरला की हा!" लोक खो खो हसले. पाथरवटाचे कान तापले, पण तो मागं हटला नाही.

तेवढ्यात म्हातारी उठली. "सगळ्यात खाली घर माझं. मला गोड बोलणारा नको, खरं बोलणारा हवा."

पाटलांनी शपथेचा हट्ट सोडला. काम पाथरवटालाच मिळालं.

सात वर्षं पूर आले आणि भिंतीला डोकं आपटून गेले. आठव्या वर्षी पाणी रेघेला लागलं. ढोल वाजला, गुराढोरांसकट गाव टेकडीवर गेलं. पाणी गायरानात उतरलं, मग भिंतीवरूनही आलं. कुंभारवाड्यात कमरेएवढं झालं. पण भिंत हलली नाही आणि एकही जीव गेला नाही.

पाणी टेकडीच्या पायथ्याशी थांबलं. म्हातारीनं नदीची ओटी भरली आणि दगड पाथरवटाच्या हातात दिला. "रोव बाबा. मोठ्या पुराला पहिल्यांदाच दगड मिळतोय. यंदा बघायला सगळं गाव आहे."

पाथरवटानं दगड रोवला. इतका अभिमान त्याला आजवर कुठल्याच भिंतीचा वाटला नव्हता.

तात्पर्य: 'संकट येणारच नाही' म्हणणाऱ्यापेक्षा 'आलंच तर काय करायचं' हे आधी सांगून ठेवणारा खरा राखणदार.