सोनेरी पत्रिका आणि माउस

कॉम्प्युटरचे पडदे पेटीएवढे जाडजूड होते, तेव्हाची गोष्ट. शकूताई बेंद्र्यांच्या छापखान्यात एक माउस होता. अर्ज लिहिताना तो शहाण्यासारखा चाले. पण लग्नपत्रिकेचा प्रोग्राम उघडला, की त्याचा बाण टुणटुण उड्या मारी. एकदा तर त्याने नवरदेवाचं नाव उचलून थेट जेवणाच्या वेळेशेजारी नेऊन ठेवलं!

“सगळे नखरे!” कीबोर्ड खडखडला. “पत्रिका म्हटली की कामचुकारपणा!”

“अहो, माझे डोळे दिपतात. जरा खाली बघा ना!” माउस काकुळतीला आला.

ताईंनी प्रोग्राम काढून पुन्हा टाकला. बाण उड्या मारतच राहिला. शेवटी वैतागून त्यांनी माउस भंगारात टाकायला उचलला, आणि ज्याच्या उजेडात तो खालचं बघे, तो त्याच्या पोटातला दिवा खालच्या कागदावर लखकन चमकला.

“अगंबाई!”

पत्रिकेचं काम शुभ, म्हणून दर वेळी ताई आपल्या पहिल्या गिऱ्हाइकाची चकचकीत सोनेरी पत्रिका माउसखाली अंथरत. ती त्यांनी हळूच उचलून पडद्याच्या जाडजूड पेटीवर उभी करून ठेवली. टेबलाच्या साध्या लाकडावर माउस सुतासारखा सरळ चालला.

“आधी बोलायचंस की रे,” कीबोर्ड ओशाळून म्हणाला.

“बोलतच होतो,” माउस हसला. “पण तुम्ही सगळे पडद्याकडे बघत होतात.”